सहा सिलिंडरचा निवांतपणा

भाच्याने नवी गाडी घेतली. पेढे घेऊन आला आणि मला बळेच शेजारी बसवून विजापूर रोडला चक्कर मारून आणलं. गाडीला नाव ठेवायला जागा नाही. इंजिन १,१९९ सीसीचं, सिलिंडर तीन, वर टर्बो, ताकद १२० हॉर्सपॉवर. "मामा, पिकअप बघा," म्हणत त्याने पाय दाबला आणि मी सीटमध्ये पाठीमागे रुतलो. उतरल्यावर "कशी वाटली?" म्हणाला. म्हटलं, "चांगली आहे रे, पण फार घाईत आहे." त्याला ते कळलं नाही. त्याच्या वयाला कळायची गरजही नाही.

माझ्या कानात इंजिन बसलंय ते डॉजचं. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या ओळखीच्या एका सुताच्या व्यापाऱ्याकडे फिक्या हिरव्या रंगाची डॉज किंग्जवे होती. पुढे तोंडभर क्रोम, पुढच्या सीटवर तिघं ऐसपैस, मागे पोरंसोरं धरून कितीही. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या मानेला. बॉनेट उघडलं की सहा सिलिंडर एका रांगेत, प्लॅटफॉर्मला लागलेल्या गाडीच्या डब्यांसारखे. आकार साडेतीन लिटरच्या वर आणि ताकद मात्र शंभर घोड्यांच्या आत. म्हणजे भाच्याच्या गाडीच्या तिप्पट पोट आणि जोर तिच्याहून कमी! आजच्या इंजिनिअरला दाखवलं तर तो कपाळाला हात लावेल.

पण तो जोर कुठे आणि कसा मिळायचा, हे बघायला हवं. हे साईड व्हॉल्वचं इंजिन, व्हॉल्व डोक्यावर नाहीत, ब्लॉकमध्येच बाजूला. त्या काळच्या साध्या पेट्रोलवर चालायचं म्हणून कॉम्प्रेशन बेताचं, सातास एकच्या आसपास. बोअर ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांबचा. असं इंजिन पळत नाही, ओढतं. बाळी वेशीत बैलगाडी आडवी आली, वेग मेला, तरी ड्रायव्हर गिअरला हात लावत नसे. टॉप गिअरमध्येच गाडी बैलाच्या चालीने मागे मागे जायची आणि वाट मोकळी झाली की हुंकार देऊन पुन्हा सुटायची. ना हिसका, ना कुरकुर. आवाजही मोठा नाही. पोट भरलेल्या माणसाने जेवणानंतर गुणगुणावं इतपत.

तिची परीक्षा तुळजापूरच्या घाटात. मंगळवारी किंवा पौर्णिमेला त्या घरची बायकामंडळी देवीला निघाली की आम्हा पोरांना फुकटची जागा मिळे. ओटीचं सामान, नैवेद्याचा डबा, पाण्याची कळशी आणि वर नऊ-दहा माणसं. घाटात बाजूला बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या लहान गाड्या दिसायच्या, रेडिएटरला पाणी पाजणं चाललेलं असायचं. आमचा ड्रायव्हर एकदाच सेकंड टाकायचा आणि वर पोचेपर्यंत वहिनींशी ज्वारीच्या भावावर बोलत राहायचा. गाडी चढतेय हे फक्त कानांना दडे बसल्यावर कळायचं. असं मी म्हणतो खरा, पण तुळजापूरचा घाट काही तेवढा उंच नाही. पोरवयाचे कान होते ते.

आता तिची दुसरी बाजू. लिटरला पाच-सहा किलोमीटर, तेही मर्जी असेल तर. आणि मे महिना. दुपारी बारानंतर सोलापूरचं ऊन या अमेरिकन बाईंना मानवत नसे. इंजिनाच्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरपर्यंत थेंब पोचायचा नाही आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गप्प. उपाय आपलाच, सोलापुरी टॉवेल. ओला करून, पिळून, इंजिनाच्या कुशीतल्या पंपाला गुंडाळायचा, बिडी संपेपर्यंत थांबायचं आणि चावी मारायची. चालू व्हायची. विडी घरकुलच्या आणि टॉवेलच्या गावात याहून देशी तंत्रज्ञान काय असणार?

आमचे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून उभे राहायचे. एकेका सिलिंडरपाशी थांबायचे. मग मालकाकडे न बघता म्हणायचे, "पाच बोलतायत बे, एक रुसलाय." नेमका तोच प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. हल्ली कंप्युटर लावतात आणि तो इंग्रजीत नंबर सांगतो. दोष त्यालाही सापडतो. पण रुसवा सापडत नाही.

या डॉजचा आणि सोलापूरचा संबंध टॉवेलापुरता नाही. ती गाडी भारतात जोडली गेली ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये, आणि तो कारखाना काढणारा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद, जन्म २३ नोव्हेंबर १८८२. आज इथे त्यांच्या नावाची कॉलेजं आहेत, रस्ता आहे. पोरं "वालचंदला ॲडमिशन मिळाली" म्हणतात. त्या नावामागे मोटारी, जहाजं आणि विमानं आहेत, हे वर्गात कुणी सांगत असेल अशी आशा आहे.

घराणं कापसाच्या व्यापाराचं आणि सावकारीचं. गादीवर बसून आयुष्य सुखात गेलं असतं. पण ते लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले, बार्शी लाईटच्या कामापासून सुरुवात केली. १९१९ला त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला गेली, १९४०ला बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ला विशाखापट्टणमला जहाजबांधणी. मोटारींचा नाद याच काळातला. विश्वेश्वरय्यांची योजना हाताशी होती. फोर्डशी बोलणी झाली, ती जमली नाहीत. क्रायस्लरशी करार झाला. युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला इथे मोटारी होण्यात रस नव्हता. म्हणून १९४४ला कंपनी आणि १९४७ला पहिल्या गाड्या, असं लांबलं. डॉज, डिसोटो, प्लिमथ. बरोबर ट्रक.

आणि इथेच माझ्या आठवणीची गोम आहे. ज्या डॉजवर आम्ही जीव टाकला, ती मुळात खोक्यांतून आलेली. सुटे भाग अमेरिकेचे, जोडणी कुर्ल्याची. वालचंदांना हवं होतं ते इथे ओतलेलं, इथे घासलेलं इंजिन. नेहरूंच्या सरकारनेही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तेच धोरण धरलं: नुसती जोडणी करायची असेल तर गाशा गुंडाळा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. इथे राहायचं तर इथे बनवायला हवं, आणि साडेतीन लिटरचं इंजिन इथे बनवून विकणार किती जणांना? सुताचे व्यापारी काही गावोगाव नव्हते. जे इथलं झालं ते फियाटचं अकराशेचं, १,०८९ सीसीचं छोटं इंजिन. १९५४पासून ती गाडी निघू लागली आणि लोकांनी लगेच तिला डुक्कर फियाट करून टाकलं. वालचंद त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९५३मध्ये गेले होते. तिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी, जिची मुंबईतली शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

म्हणजे हिशेब मांडला तर सोलापूरच्या सुपुत्राचं स्वप्न पूर्ण केलं ते घाटात वाफा सोडत उभ्या राहणाऱ्या त्या लहान गाडीने. आम्ही डॉजमधून तिच्याकडे बघून हसत होतो. तरीही मला विचाराल तर माझा जीव डॉजवरच आहे. जीव हिशेबाने जडत असता तर सगळ्यांनी सायकली घेतल्या असत्या.

१९७३ला पेट्रोल भडकलं आणि मोठ्या गाड्यांचे दिवस फिरले. कुणी विकली, कुणी परड्यात उभी केली, कोंबड्यांनी आत अंडी घातली. हुशार लोकांनी इंजिन काढून डिझेल बसवलं. पेठेतल्या त्या डॉजच्या पोटातही पुढे मेटाडोरचं इंजिन आलं. सहा सिलिंडर गेले, चार आले. लग्नाच्या वरातीत ती दिसायची, क्रोम तसाच, आवाज मात्र थेट मंडईत माल उतरवायला आलेल्या टेम्पोचा. नवरदेव डोलत होता, मी दुसरीकडे बघत होतो.

२०२१ला केंद्राने नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की ती रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. या शेवटच्या सवलतीचं मला फार हसू आलं, कारण डॉजला मोकळं सोडायला तेवढी पुरेशी आहे. ती पंपावर गेली की परत येईपर्यंत पुन्हा पंपावर जायची वेळ होतेच.

तर विनंती अशी. सोलापूर जिल्ह्यात कुणाच्या परड्यात अजून मूळ इंजिनाची डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो असेल, तर २३ नोव्हेंबरला ती वालचंद कॉलेजच्या पटांगणात आणावी. नियमात बसतं, प्रदर्शनच आहे. विद्यार्थ्यांना बॉनेट उघडून दाखवू. आणायला-न्यायला लागणाऱ्या पेट्रोलची वर्गणी मी गोळा करतो. भाच्याकडून पहिली पावती फाडली आहे.