मेथडच्या नावाआधी अंडरस्कोर कशासाठी? ‘प्रायव्हेट’ कोडची खूण समजून घ्या

विमानाच्या पंखावर काही ठिकाणी ‘नो स्टेप’ लिहिलेले असते. ओझरच्या एचएएल कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने घडवणाऱ्यांना ही सूचना नवी नाही. रंगवलेली अक्षरे कोणाचा पाय धरून ठेवत नाहीत. त्यांचा अर्थ माहीत असल्यामुळे तिथे कोणी पाय ठेवत नाही. पायथॉनमधला अंडरस्कोर हेच काम करतो.

क्लासमधल्या काही मेथड बाहेरच्या कोडसाठी असतात, काही फक्त आतल्या कामासाठी, म्हणजे प्रायव्हेट. जावामध्ये ‘प्रायव्हेट’ लिहिले की बाहेरून ती मेथड वापरणारा कोड कंपाइलच होत नाही. पायथॉनमध्ये असे कुलूप नाही. २००१ पासूनची ‘पेप ८’ नियमावली अशा नावाआधी एक अंडरस्कोर लावायला सांगते, इतकेच.

खूण पाळली नाही तर? समजा, निफाड तालुक्यातल्या द्राक्ष खरेदीचा प्रोग्राम आहे. ‘बिल_दे’ सर्वांसाठी, ‘_तूट_वजा’ आतली. रिपोर्ट लिहिणाऱ्याने घाईत थेट ‘_तूट_वजा’ वापरली. पुढे तूट किलोऐवजी टक्क्यांत धरायचे ठरले आणि ती मेथड बदलली. बिल बरोबर, रिपोर्ट मात्र चुकीचा. एररही नाही. शेतकऱ्याच्या हातात दोन वेगळे आकडे!

मग दोन अंडरस्कोर लावावेत का? ‘बिल’ क्लासमधल्या ‘__तूट_वजा’चे नाव पायथॉन आतून ‘_बिल__तूट_वजा’ असे करतो. उपक्लासमध्ये तेच नाव आले तर टक्कर होऊ नये, यासाठी ही सोय आहे. सुरक्षेसाठी म्हणून ती वापरणे हा निव्वळ गैरसमज. जावास्क्रिप्टने मात्र २०२२ च्या मानकात नावाआधीच्या ‘#’ला खरे कुलूप केले.

गो भाषेची तर वेगळीच गंमत. तिथे पहिले अक्षर कॅपिटल असेल तरच नाव पॅकेजबाहेर दिसते. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे ‘वजन’ कायम आतलेच. ‘बिल’ तर चालणारच नाही, कारण गो नावात काना-वेलांटी घेत नाही.

पायथॉन वापरणाऱ्या टीमने पायलिंट सुरू ठेवावे. बाहेरून अंडरस्कोरच्या मेथडला हात लावला की ते इशारा देते. तो इशारा बंद करून काम पुढे रेटण्यात अर्थ नाही. मेथड बाहेर खरोखरच लागत असेल, तर अंडरस्कोर काढून ती रीतसर सर्वांसाठी खुली करावी.