कानस कशावर चालवावी?

आमच्यापैकी एकाच्या देगलूर तालुक्यातील मळ्यात एक जुने किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे, हँडल मारून सुरू करण्याचे. विहिरीवर विजेची मोटार बसली तेव्हापासून ते गोठ्याच्या पडवीत पडून होते. गेल्या उन्हाळ्यात ते पुन्हा चालते करावे असे ठरले. त्यामागील कारण भावनिक होते, हे आम्ही मान्य करतो. मात्र काम सुरू झाल्यावर जे प्रश्न पुढे आले ते भावनेचे नव्हते. आणि मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींच्या व्यवसायापासून फार दूरचेही नव्हते.

सिलिंडरचा व्यास मुळात 80 मिलिमीटर. लायनर झिजला होता. नवा लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगच्या वाट्या असा संच एका दुकानातून आणला. खोक्यावरचा क्रमांक अचूक होता. पण रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजली, तर ती जवळजवळ नव्हतीच. एवढ्या व्यासाला साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक फट लागते. इंजिन तापले की रिंग लांबते. टोके एकमेकांना भिडली की ती लायनर खरवडते, नाही तर मोडते. त्याच संचातील दुसऱ्या रिंगेची फट इतकी मोठी, की तेल वर चढून निळा धूर येणार हे उघड होते.

वाट्यांची गोष्ट निराळी. त्या निर्दोष होत्या, तरी बसत नव्हत्या. क्रँकशाफ्ट पूर्वी कधी तरी घासून पाव मिलिमीटरने बारीक केला होता, याची आम्हांस कल्पनाच नव्हती. आम्ही नाव सांगून वस्तू मागितली, माप घेऊन नव्हे. दोष दुकानदाराचा नव्हता, आमचा होता.

पंपाच्या बैठकीचे बोल्ट तर इंची काळातले. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात 12 आटे. दुकानातून आलेल्या अमेरिकी पद्धतीच्या नटाला 13. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. नट दोन फेरे सुखाने फिरतो आणि मग अडतो. मदतीच्या पोराने पान्यावर पाइप चढवून जोर लावायची तयारी केली, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

लेथवाल्याने सुचविले, की बेअरिंगची कॅप थोडी घासा, वाट्या घट्ट बसतील. मिस्त्री म्हणाले, "सर, कानस नव्यावर चालवा. जुन्यावर चाललेली परत भरून येत नाही." घट्ट रिंगेची टोके त्यांनी स्वतः घासून फट आणली, सैल रिंग परत पाठविली, वाट्या पाव मिलिमीटर कमी मापाच्या मागविल्या. कॅपला हात लावू दिला नाही. ती एकदा घासली, की तिचा गोलावा जातो आणि पुढे योग्य मापाचा भागही बसत नाही.

या ठिकाणी आम्हांस आमचा वर्ग आठवला. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती संतकवितेची एक सोपी आवृत्ती पडली होती. तिच्यात अवघड शब्द काढून आजचे शब्द घातले होते, तेही न सांगता. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या अभंगात अर्थाने बरोबर पण अक्षराने एक जास्त असा शब्द बसवला, म्हणजे खोक्यावरचा क्रमांक जुळला आणि फट गेली. मग ओळ जुळावी म्हणून शेजारचा शब्दही कापलेला. कानस जुन्यावर चालली होती.

याचा अर्थ जुन्याला हातच लावू नये, असा नव्हे. एकनाथांनी प्रती पाहून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि त्या कामाची नोंद शके 1506 (इ.स. 1584) या सालासह ग्रंथाच्या शेवटी ठेवली, पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असेही बजावले. दुरुस्ती कोणी केली, कधी केली, हे सांगणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. आमच्या क्रँकशाफ्टवर कानाकोपऱ्यात माप कोरून ठेवणारा कोणी असता, तर आमचे पंधरा दिवस वाचले असते.

स्थानिक बनावटीच्या स्वस्त भागांवर आम्ही सरसकट टीका करीत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे इंजिन कित्येकदा त्यांच्यावरच चालत आले आहे. आमचा आक्षेप न मोजता बसविण्याला आणि न सांगता बदलण्याला आहे.

किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला आणि 1920 मध्ये त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगर आणि नियतकालिक यांना तेव्हा एकमेकांचे वावडे नव्हते. आज मिस्त्रींच्या तोंडचे शब्द आणि त्यांच्या हातातील मापे कोणत्याही कोशात नाहीत, आणि त्यांच्यानंतर हे काम शिकणारे कोणी आमच्या पाहण्यात नाही. तेलुगू, कन्नड, उर्दूच्या शेजारात वाढलेल्या या भागातील एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे टिपून घ्यायला काय हरकत आहे?

इंजिन सुरू झाले आहे. थोडा आवाज करते. घेतलेली सर्व मापे तारखेसह एका वहीत लिहून ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पडवीत खुंटीला अडकविली आहे.