धरण भरलेलं हवं आणि रिकामंही

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पूर्णा नदीच्या काठचं सोयाबीन पाण्याखाली राहिलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. कुठे कुठे काळी मातीच खरवडून गेली. तोच शेतकरी आता हरभऱ्यासाठी कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसला आहे. म्हणून २०२५चा हा दिवाळी अंक आम्ही पूर्णा नदीला वाहिला आहे.

पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत साठा ८०९. वीज करून खाली आलेलं पाणी पुढच्या सिद्धेश्वर धरणात अडवायचं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत न्यायचं, अशी ही जोडी. आखणी सिंचनाची आणि विजेची. पुराची जबाबदारी तिच्यावर आपण चढवली.

सिंचनाला धरण भरलेलं लागतं, पुराला रिकामं. ऑगस्टअखेर धरण काठोकाठ असेल आणि सप्टेंबरात पाऊस कोसळला, तर दारं उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याच वेळी गोदावरीही दुथडी वाहत असली, की संगमाकडे निघालेल्या पूर्णेला पुढे वाट मिळत नाही. फुगवटा मागे येतो, ओढ्यानाल्यांतून उलटा शिवारात शिरतो. शिवाय दुधना नदी सिद्धेश्वरच्या खाली येऊन मिळते. तिचं पाणी येलदरीच्या हिशेबात कुठे धरायचं?

मग धरण अर्धं ठेवावं? परतीच्या पावसानं पाठ फिरवली तर रब्बी गेली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पुरासाठी रिकामी जागा मागणाऱ्यांनी, म्हणजे आपण काठावरच्यांनी, कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याचा धोकाही वाटून घेतला पाहिजे. पाणी सोडून दिलं आणि पुढे धरण भरलं नाही, तर त्याची भरपाई नियोजनातच लिहिलेली हवी.

खडकपूर्णा, येलदरी, सिद्धेश्वर, निम्न दुधना या चारही धरणांची जलाशय परिचालन सूची एकत्र बसून ठरवा. रब्बीच्या आवर्तनासाठी कालवा सल्लागार समिती बसते, तशी पुरासाठीही मे महिन्यात बैठक घ्या आणि काठच्या सरपंचांना तिथे बोलवा. किती विसर्गाला कुठल्या गटात पाणी येतं, तो नकाशा पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागू द्या.