गच्चीवरचे भांडवल

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरांना सूर्याच्या वेळेचा हिशेब नवा नाही. आता तोच सूर्य विजेच्या बिलातही आला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली आणि कोल्हापुरातील गच्च्यांवरही सौर पॅनेल वाढू लागले. परंतु शेजाऱ्याने बसवले म्हणून आपणही बसवावे, हा व्यापाऱ्याचा विचार नव्हे. माल भरण्यापूर्वी खप, भाव आणि गुंतणाऱ्या रकमेचे व्याज पाहिले जाते. येथेही तेच पाहावे.

प्रथम खप. मागील बारा महिन्यांची बिले काढून सरासरी युनिट मोजावेत. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देतो आणि त्यास साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यदर्शन दुर्मीळ असते. मात्र नेट मीटरमुळे एप्रिल-मे महिन्यांत वाहिनीत जमा झालेले जादा युनिट पावसाळ्यात वळते होतात. हे खातेही व्यापारी वर्षाप्रमाणे 31 मार्चला बंद होते. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण देत असलेल्या घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून संच गच्चीच्या मापाचा नव्हे, खपाच्या मापाचा घ्यावा.

आता भाव. पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्यास 18,000 रुपये, असे घरगुती संचास जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. संच मोठा केला तरी ही रक्कम वाढत नाही. शिवाय अनुदान संच सुरू झाल्यानंतर बँक खात्यात जमा होते. कर्ज घेतले नसल्यास आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

नमुन्यादाखल दोन घरे घेऊ. पहिले एकत्र कुटुंबाचे, महिन्याला 350 युनिट वापरणारे. तीन किलोवॉटचा संच 1,80,000 रुपयांना पडला असे धरल्यास अनुदान वजा जाता 1,02,000 रुपये गुंततात. धूळ आणि ढग लक्षात घेऊन महिन्याला 300 युनिटच धरावेत. वाचलेला युनिट सरासरी 10 रुपयांचा धरला, तर वर्षाला 36,000 रुपये वाचतात आणि भांडवल तीन वर्षांच्या आत सुटते. व्याज धरूनही चार वर्षे पुरेशी होतात. दुसरे घर वृद्ध दांपत्याचे, महिन्याला 90 युनिटांचे. एका किलोवॉटचे 70,000 रुपये, अनुदानानंतर 40,000. येथे युनिट 6 रुपयांचा धरला, तर वर्षाची बचत 6,480 रुपये, म्हणजे भांडवल सुटण्यास सहा वर्षांहून अधिक काळ. हा फरक पडतो तो महावितरणच्या टप्प्यांच्या दरामुळे. 100 आणि 300 युनिटांच्या पुढे प्रत्येक युनिट महाग होत जातो, आणि सौर संच प्रथम त्या महाग युनिटांचीच बचत करतो. दांपत्याने आधी जुना फ्रीज बदलावा. कदाचित तेवढ्यानेच काम भागेल. वरील किमती आणि दर केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलातील आणि हाती आलेल्या दरपत्रकातील आकडे घालून पाहावेत.

बिल शून्यावर येईल, ही अपेक्षाही ठेवू नये. स्थिर आकार भरावाच लागतो. पॅनेलांची हमी बहुधा 25 वर्षांची असली, तरी इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठी बचतीतून दरसाल थोडी रक्कम बाजूला टाकावी.

खाली दुकान आणि वर घर, अशा पेठेतील वास्तूंसाठी एक सूचना आवश्यक आहे. अनुदान घरगुती जोडणीलाच मिळते. घराच्या संचावर दुकान चालवता येत नाही. दुकानाच्या मीटरवर स्वतंत्र संच बसवल्यास अनुदान नाही, परंतु व्यापारी दर चढा असल्याने बचत मोठी होते आणि आयकरात 40 टक्के दराने घसारा मिळतो. गच्ची भावाभावांची सामाईक असेल, तर बसवण्यापूर्वीच लेखी संमती करून ठेवावी. पंचवीस वर्षांत वाटण्या होतात, आणि पॅनेल वाटता येत नाहीत.

शेवटी पुराचे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराच्या अनेक भागांत वीज बंद होती. अशा वेळी गच्चीवर संच आहे म्हणून दिवे लागतील, हा गैरसमज आहे. वाहिनीतील वीज गेली की साधा सौर संचही आपोआप बंद होतो. दोष नव्हे, ती मुद्दाम केलेली योजना आहे. अन्यथा आपल्या गच्चीवरील वीज वाहिनीत उतरून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतेल. अंधारातही वीज हवी असेल, तर बॅटरीसह संच घ्यावा लागतो आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. नदीकाठच्या घरांनी इन्व्हर्टर तळमजल्यावर न ठेवता पुराच्या खुणेच्या वर बसवावा.

योजनेत नोंदणी असलेल्या तीन पुरवठादारांची दरपत्रके मागवावीत, वार्षिक उत्पादन आणि देखभाल यांची हमी लेखी घ्यावी, आणि मगच सही करावी. बारा बिले आणि एक कोरा कागद यांच्यासह घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे. बहुतेक उत्तर तेथेच मिळते.