गिऱ्हाईकाचा पत्ता कुणाच्या वहीत?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घडलेला तंबोरा आज कुठे वाजतो आहे, असे तो घडविणाऱ्या कारागिरास विचारले तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "मुंबईच्या व्यापाऱ्याने नेला, पुढचे आम्हांस ठाऊक नाही." पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा पारखून घेण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सारे कष्ट याचे, परंतु वाद्य ज्याच्या मांडीवर गेले त्याचे नाव, गाव, पत्ता दुसऱ्याच्या वहीत. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला उचलली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे वस्तूचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले. गिऱ्हाईकाचे नाव मात्र अजून कारागिराच्या दप्तरी नोंदले गेलेले नाही.

हे दुखणे एकट्या मिरजेचे नव्हे. भिवंडी आणि मालेगावचा माग चालविणारा, औरंगाबादेचा (२०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणारा, मुंबईत चामड्याच्या पिशव्या शिवणारा, सर्वांची हीच कहाणी आहे. माल आपला, गिऱ्हाईक मधल्याचे. मधल्याने उद्या दुसऱ्या कारखान्याचा माल धरला की आपला हात रिकामा. मधला माणूस वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. त्याचाही धंदा आहे. परंतु आपल्या मालाची कदर करणारा कोण, हे आपल्यालाच माहीत नसावे ही गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने घातक आहे. आमच्या मते यावर आज एक स्वस्त उपाय उपलब्ध आहे : लिंक्डइनवर ओळखी करावयाच्या आणि त्यांतून स्वतःच्या ई-मेल पत्राचे वाचक जोडावयाचे.

बाजार आणि दुकान

लिंक्डइन हे नाव काढले की आपले बंधू म्हणतात, "ते नोकरी शोधणाऱ्या सुटाबुटातल्या पोरांचे काम." हा गैरसमज आहे. २००३ साली सुरू झालेल्या या जाळ्यावर २०२३ पर्यंत सभासदांची संख्या एक अब्जावर गेली आणि अमेरिकेच्या खालोखाल सर्वाधिक सभासद भारतातले आहेत. २०२४ साली त्याचा वापर मराठीतूनही करता येऊ लागला. तेथे माणूस स्वतःच्या नावाने, हुद्द्याने आणि धंद्याने बसलेला असतो. कपड्याच्या कंपनीचा खरेदी अधिकारी, परदेशी विद्यापीठातला संगीताचा प्राध्यापक, हॉटेलची सजावट करणारा, संगीत महोत्सव भरविणारा, हे सर्व तेथे नावानिशी सापडतात. पूर्वी अशा माणसाच्या दारापर्यंत पोहोचावयास दलाल लागत असे.

परंतु येथेच एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी गायक-वादकांची हजेरी असते. गावात आलेला कलावंत वाद्यांच्या दुकानी डोकावतो, बसतो, वाद्य छेडून पाहतो, ओळख होते. पण उरूस उठतो आणि माणसे आपापल्या गावी जातात. ज्या दुकानदाराने पत्ता लिहून घेतला त्याचा संबंध टिकला. ज्याने नाही घेतला त्याच्याजवळ नुसती आठवण उरली. लिंक्डइन हा असाच बारमाही उरूस आहे. तेथे भेटी होतात. वही मात्र आपली आपण ठेवावी लागते, आणि ई-मेलची यादी ही ती वही.

कोणी म्हणेल, लिंक्डइनवर हजार ओळखी झाल्या, मग आणखी वही कशाला? त्यास आमचे उत्तर असे की भाड्याच्या गाळ्यात कितीही गर्दी झाली तरी मालक गाळा बंद करू शकतो. ऑर्कुटवर आपल्यापैकी कित्येकांची मित्रमंडळी होती. २०१४ साली ते बंद झाले. गूगल प्लस २०१९ साली सर्वसामान्यांसाठी बंद झाले. टिकटॉकवर आपल्या देशातील लक्षावधी लोकांनी चाहते जमविले होते. जून २०२० मध्ये सरकारी आदेशाने एका रात्रीत ते दार लागले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला तो तिथल्या टेबल-खुर्च्यांसाठी नव्हे. खरी किंमत सभासदांच्या नोंदवहीची होती. इतकी मोलाची वही ज्याच्या हाती आहे तो ती आपल्याला फुकट कशी देईल?

याचा एक दाखला पाहा. लिंक्डइनवरच वार्तापत्र काढण्याची सोय आहे. पहिला अंक निघताच आपल्या ओळखीच्या लोकांस ते वाचण्याचे निमंत्रण आपोआप जाते आणि वाचकांची संख्या झपाट्याने वाढते. ही सोय जरूर वापरावी. परंतु त्या वाचकांचे ई-मेल पत्ते लेखकाच्या हाती पडत नाहीत. उद्या खाते बंद झाले तर हजार वाचक असूनही एकालाही पत्र धाडता येणार नाही. म्हणून त्या प्रत्येक अंकाच्या शेवटी आपल्या स्वतःच्या यादीत नाव नोंदविण्याचे आमंत्रण असलेच पाहिजे.

व्हॉट्सॲप आहे ना, असाही प्रश्न येईल. रोजच्या गिऱ्हाइकासाठी ते उत्तमच आहे. परंतु त्याच्या प्रसारण यादीत २५६ पेक्षा अधिक नावे बसत नाहीत आणि ज्याने आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. शिवाय परक्या देशातील खरेदी अधिकारी अनोळखी नंबरावरून माल ठरवीत नाही. तो कचेरीत बसून ई-मेल वाचतो, वरिष्ठाकडे पाठवितो, सहा महिन्यांनी शोधून काढतो.

प्रत्यक्षात काय करावे

पहिली गोष्ट, खात्याची ओळख. नावाखालच्या ओळीत सुमारे २२० अक्षरे मावतात. तेथे नुसते "मालक" किंवा "प्रोप्रायटर" लिहून काय साधणार? "मिरजेत तंबोरे व सतारी घडवितो, जुनी वाद्ये दुरुस्त करतो, परदेशी पाठवितो" असे लिहावे. परदेशी वाचकासाठी हेच इंग्रजीतही. छायाचित्र हातात काम असलेले असावे. नाव नोंदविण्याच्या फॉर्मची लिंक खात्यावर वरच, दिसेल अशी लावावी.

दुसरी गोष्ट, ओळख कोणाशी करावी. दिसेल त्याला निमंत्रण धाडणे म्हणजे रस्त्यात पत्रके उधळणे होय. तंबोरा घडविणाऱ्याने संगीत शिक्षक, संगीत विभागांचे प्रमुख, वाद्यांचे दुकानदार आणि महोत्सवांचे व्यवस्थापक शोधावेत. मागवाल्याने कापड खरेदी करणारे. आठवड्याला पंधरा-वीस निमंत्रणे पुरेत. फुकटच्या खात्यावर निमंत्रणासोबत चिठ्ठी जोडण्याची मुभा मोजकीच असते, म्हणून ती खऱ्या कामाच्या माणसासाठी राखून ठेवावी.

तिसरी गोष्ट, लिहावे काय? येथे आपले लोक घाबरतात. "आम्ही काय लेखक आहोत?" असे म्हणतात. परंतु जे कारागीर गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो तेच लिहावयाचे आहे. थंड देशात घर गरम ठेवण्याच्या यंत्राने हवा कोरडी होते आणि लाकूड, भोपळा तडकण्याची भीती असते, ती कशी टाळावी? घोडीवर सुताचा धागा कुठे सरकविला म्हणजे तार बोलते? जवारी बसली हे कसे ओळखावे? हे ज्ञान ज्याच्या बोटांत आहे त्याच्या चार ओळी वाचावयास संगीताचा माणूस थांबणारच. आठवड्यास अशी एक नोंद लिंक्डइनवर द्यावी आणि शेवटी एवढेच म्हणावे : वाद्याच्या निगेविषयी आम्ही महिन्यातून एकदा पत्र पाठवितो, हवे असल्यास नाव नोंदवा.

चौथी गोष्ट, ते पत्र. महिन्यातून एकच, पण ठरल्या तारखेस. त्यात एक उपयोगाची माहिती, कारखान्यात सध्या काय घडते आहे त्याची हकिकत आणि विक्रीस तयार असलेल्या एक-दोन नगांचा उल्लेख एवढे असले म्हणजे झाले. निव्वळ दरपत्रक पाठविणाऱ्याचे पत्र दुसऱ्या महिन्यापासून कोणी उघडीत नाही. सुरुवातीस जीमेलच्या साध्या खात्यावरूनही काम भागते; दिवसाला ५०० जणांपर्यंत पत्रे जातात. मात्र सर्वांचे पत्ते एकमेकांस दिसतील असे पाठवू नये. ती दुसऱ्याच्या ठेवीची उघड उधळपट्टी ठरते. यादी वाढली की पत्रे पाठविण्याची सेवा देणारी कंपनी गाठावी.

परवानगीचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लिंक्डइनवर ओळख झाली म्हणून त्या माणसाचे नाव न विचारता यादीत घालणे, किंवा बाजारात विकत मिळणाऱ्या पत्त्यांच्या याद्या आणून पत्रांचा भडिमार करणे, हे आमच्या मते सरळसरळ चुकीचे आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी मागण्याची आणि परत जा म्हटले तर परत जाण्याची शिकवण आहे. ई-मेलची पेटी हेही माणसाचे एक घरच आहे. दार ठोठवावे, होकार मिळाला तर आत जावे, नको म्हटल्यास मुकाट्याने परतावे. प्रत्येक पत्राखाली नाव कमी करण्याची सोय याचसाठी असते. ज्याने पत्ता दिला त्याने अमानत सोपविली. ती दुसऱ्या व्यापाऱ्यास विकणे म्हणजे खयानत.

जगाचे कायदेही आता हेच सांगतात. युरोपात २०१८ पासून व्यक्तिगत माहितीविषयीचा कडक नियम लागू आहे आणि आपल्याकडे २०२३ साली अशा माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२४ साली गूगलने मोठ्या प्रमाणात पत्रे पाठविणाऱ्यांवर एका टिचकीसरशी नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली. हजारात तिघांनी पत्र नकोसे असल्याची तक्रार केली तरी पुढची पत्रे कचऱ्याच्या पेटीत पडण्याची वेळ येते. जो विचारून पाठवितो त्याला यांपैकी कशाचीच धास्ती नाही.

सावधगिरी आणि सब्र

लिंक्डइनवर लबाडही फिरतात. मोठ्या मागणीचे आमिष दाखवून नोंदणी शुल्क किंवा नमुन्याचा खर्च आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. त्याचप्रमाणे खाते आणि यादी मालकाच्याच नंबरावर व ताब्यात असावी. पुष्कळ ठिकाणी भाचा किंवा नोकर पोरगा आपल्या नंबरावर सारे उघडून देतो आणि तो दुबईला गेला की वहीही त्याच्याबरोबर जाते. मधल्या माणसाच्या हातून वही सोडवून दुसऱ्या मधल्याच्या हाती देण्यात काय अर्थ आहे?

लिहिण्याचे काम मात्र घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना जरूर द्यावे. आपल्या कित्येक घरांत पदवीधर लेक बसून आहे आणि बाप गिऱ्हाईक नाही म्हणून चिंतेत आहे. बापाने सांगावे, लेकीने लिहावे. दोघांचेही काम होईल. आमच्या तन्जीमांनी व व्यापारी संघटनांनी शिलाई आणि संगणकाच्या वर्गांबरोबर हेही शिकवावे.

वर्षभरात दोनशे नावे जमली तर पुष्कळ झाली. दहा हजार अनोळखी पत्त्यांपेक्षा स्वतःहून नाव नोंदविलेले दोनशे लोक अधिक मोलाचे. तंबोरा काही दर महिन्याला कोणी घेत नाही. परंतु ज्या दिवशी घ्यावयाचा त्या दिवशी त्याला आपले नाव आठवले पाहिजे. रिझ्क देणारा अल्लाह आहे, यात शंका नाही. पण दुकानाची फळी उघडण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. ती फळी आता आपल्या गल्लीबाहेरही उघडू शकते. तेव्हा पुढच्या वेळी माल नेणारा आला म्हणजे पावती फाडून थांबू नका. माल कुणासाठी चालला आहे ते विचारा, त्या माणसास लिंक्डइनवर शोधा, सलाम-नमस्कार करा आणि पत्र पाठविण्याची परवानगी मागा. इन्शाअल्लाह, वहीचे पहिले पान भरावयास सुरुवात होईल.