कारवारची सहल आपणच आखू या

डिसेंबरच्या सुट्टीला जोडून समुद्रकिनारी तीन दिवसांचे शिबिर न्यावे, ही सूचना वसतिगृहात दरवर्षी कोणीतरी मांडतोच. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर मोठी माणसे म्हणतात, "समुद्र नको, जबाबदारी कोण घेणार?" नाहीतर एखाद्या पर्यटन कंपनीचे पत्रक येते, त्यात तंबू, कयाक, मासेमारी, शेकोटी आणि जेवण सगळे एकाच रकमेत असते, आणि आपण फक्त बसमध्ये चढायचे असते. माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. आपण समुद्रावर जावे, पण ती सहल कॅडेट्सनी स्वतः आखावी. महिनाभर आधी, कागदावर, तिथी आणि तास घालून. आखणी अधिकाऱ्यांना पटली नाही, तर जाऊ नये.

समुद्राची भीती उगाच नाही, हे आधी मान्य करतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 10 डिसेंबर 2024 रोजी मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या शाळेच्या चार मुली गेल्या. त्यांची सहल आपल्यासारखीच पठारावरून समुद्राकडे निघाली होती. आणि ज्या कारवारबद्दल मी लिहितो आहे, तिथेच 21 जानेवारी 2019 रोजी कुरूमगड बेटावरच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी नाव उलटून 16 जण मेले. अशी प्रत्येक बातमी आली की आईबाबांचे फोन येतात आणि पुढची दोन वर्षे समुद्राचा विषय बंद होतो. मात्र विषय बंद केल्याने भरती-ओहोटी कोणाला कळत नाही. दोन वर्षांनी तीच मुले कॉलेजात जातात, मित्रांबरोबर कुठल्याशा किनाऱ्यावर उतरतात आणि कोणाला काही न विचारता पाण्यात शिरतात.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे भरतीची वेळ मोबाईलवर बघायच्या आधी तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडे बराच जुळतो. दक्षिणेला भरती आधी येते, म्हणून कारवारसाठी छापील कोष्टक हवेच. तरी तोंडी हिशेबाचा एक फायदा आहे: कोष्टक वाचताना चूक झाली, तर ती लगेच खटकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जास्त चढते आणि तितक्याच जोराने उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. एवढे चार नियम प्रेपच्या एका तासात पाठ होतात.

आता कारवारच का, ते सांगतो. बेंगळुरूहून संध्याकाळी निघणारी पंचगंगा एक्सप्रेस सकाळी कारवारला पोहोचवते. काळी नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे खुल्या समुद्रात न जाताही खाऱ्या पाण्यात वल्हवता येते. गावात मराठी आणि कोंकणी दोन्ही चालतात, म्हणजे होडीवाल्याला नीट प्रश्न विचारता येतात. नौदलाचा आयएनएस कदंब तळही तिथेच आहे. तो बघायला मिळेल या आशेने कोणी नाव नोंदवू नये. तळाच्या हद्दीपासून लांब राहायचे आणि त्या दिशेला कॅमेरा उचलायचा नाही, हे मिलिटरी शाळेच्या मुलांना दुसऱ्यांदा सांगावे लागू नये.

आखणीचे खरे काम कयाकच्या दिवसाशी सुरू होते, आणि पत्रकातली सहल नेमकी तिथेच उणी पडते. पत्रकात 'सकाळी 9 ते 11 कयाकिंग' असे छापलेले असते, तिथी कोणतीही असो. आपण तिथी निवडली, तर काय होते बघा. अष्टमी घेतली तर ओढ कमी, हे चांगले. पण त्या दिवशी भरती पहाटे, म्हणजे सकाळभर ओहोटी, आणि पाणी आपल्याला नदीच्या मुखाकडे, समुद्राकडे ढकलणार. पौर्णिमा घेतली तर सकाळी भरती चढत असते, पण उधाणाची. चतुर्थी-पंचमीला मधला मार्ग सापडतो. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास ओहोटी संपते आणि दुपारपर्यंत पाणी सावकाश नदीत चढत राहते. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवस तापला की समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे नऊनंतर निघालो, तर भरती आपल्या बाजूने आणि थोड्या वेळाने वाराही पाठीशी. पुलाच्या पूर्वेकडून सुरुवात करायची, कडवाडच्या दिशेने वर जायचे आणि तिथेच थांबायचे. परतीसाठी वाऱ्याविरुद्ध वल्हवायचे नाही. कयाक टेम्पोत घालायच्या आणि आपण रस्त्याने परत यायचे. पुलाखाली मुळीच जायचे नाही. 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल नदीत कोसळला होता. त्याच्यासोबत पडलेल्या ट्रकच्या चालकाला वाचवण्यात स्थानिक मच्छीमारांचा हात होता. आपल्यासोबत होडी घेऊन अशाच दोन अनुभवी मच्छीमारांना ठेवावे, त्यांची मजुरी खर्चात धरावी आणि पाण्यावर त्यांचा शब्द आपल्या हाउस कॅप्टनच्या शब्दाच्या वर मानावा.

हे सगळे फार वाटत असेल, तर लष्करी इतिहासातले एक उदाहरण घ्या. 7 डिसेंबर 1942 च्या रात्री ब्रिटिश रॉयल मरीन्सचे दहा जण पाच कयाकमधून फ्रान्सच्या जिरोंद खाडीकडे निघाले. बोर्दो बंदरातली जहाजे सुरुंग लावून उडवायची होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याच्या ओढीने उठलेल्या लाटांत पहिल्याच रात्री एक नाव उलटली. पुढे गेलेले लोक रात्री भरतीबरोबर वल्हवत आणि ओहोटी लागली की काठावर लपून राहत. बोर्दोपर्यंत दोनच कयाक पोहोचल्या आणि मोहिमेतून दोनच माणसे जिवंत परतली. आपण काही सुरुंग लावायला जात नाही. पण इतके कसलेले सैनिकसुद्धा भरतीचे वेळापत्रक पाळत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मासेमारीबद्दल मात्र माझे मित्र नाराज होतील. गरीवाल्याला वाहते पाणी हवे असते, म्हणून उधाण त्याला आवडते. आपण तिथी कयाकसाठी निवडली आहे, तेव्हा मासे कमी लागतील. लागू देत. काठावर बसून कोळंबीचे आमिष लावायचे, शेवटा किंवा तांबोशी मिळाली तर नशीब, पिल्लू असेल तर परत सोडायचे. रात्रीचे जेवण माशांवर अवलंबून ठेवायचे नाही. तांदूळ आणि डाळ बरोबर न्यायची. किनाऱ्यावर पाग फेकणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडे तासभर बघत राहावे. जाळे गोल उघडायला मनगट कसे वळते, ते पत्रकातल्या कुठल्याच 'फिशिंग ॲक्टिव्हिटी'त शिकवत नाहीत. एप्रिल-मेच्या सुट्टीपेक्षा डिसेंबर बरा, हेही इथे सांगून टाकतो. 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि त्याआधीच्या दिवसांत समुद्राचा स्वभाव बदलू लागलेला असतो.

तंबूविषयी थोडक्यात. वाळूवर काड्याकचऱ्याची जी ओळ दिसते, ती शेवटच्या भरतीची खूण. तंबू तिच्या बराच वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला लावायचा, जागेच्या परवानगीचा कागद खिशात ठेवून. या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला याच किनाऱ्यांवर येतात, म्हणून वाळूत मोठी शेकोटी नको आणि रात्री टॉर्चचा झोत पाण्याकडे नको. गाणी अंधारातही म्हणता येतात.

"जबाबदारी कोण घेणार?" हा प्रश्न राहतोच. जबाबदारी अधिकाऱ्यांचीच राहील, ती कॅडेट्सवर ढकलावी असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याने स्वतः भरतीचा तक्ता मांडला, तो मुलगा 'जरा पाच मिनिटे आत जाऊन येतो' असे म्हणणार नाही, आणि दुसरा म्हणाला तर त्याला अडवील. आणखी एक अट मी घालीन: सहल तिथे पोहोचूनही रद्द करण्याचा अधिकार आखणाऱ्यांना हवा. पाचशेहून जास्त किलोमीटर प्रवास केला, पैसे भरले, म्हणून पाण्यात उतरलेच पाहिजे, असे कोणाला वाटू लागले की धोका सुरू झाला. मच्छीमार 'आज नको' म्हणाले, तर त्या दिवशी सदाशिवगड चढून यायचा.

तयारी बेंगळुरूतच होऊ शकते. हलसूरच्या तलावात मद्रास सॅपर्स होड्या चालवतात. तिथे परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर पोहण्याच्या तलावात कयाक उलटवून बाहेर येण्याचा सराव करता येईल. लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून, बुटांसह. हा सराव ज्याने केला नाही, त्याने कारवारला येऊन तंबू आणि गरी सांभाळावी.

आपल्यातले बरेच जण माण, खटाव, जतसारख्या कोरड्या तालुक्यांतले आहेत. तिथे पोहायला विहीर असते, तीही पावसाळ्यानंतर पाणी राहिले तर. परेडवर ताठ उभा राहणारा मुलगा 'मला पोहता येत नाही' हे चारचौघांत सांगत नाही, आणि नेमका तोच मित्रांमागून पाण्यात उतरतो. आराखड्याचे पहिले पान मी लिहून ठेवले आहे: तिथी, भरतीची वेळ, कडवाडचा रस्ता, टेम्पोचा खर्च. दुसरे पान कोरे आहे. त्यावर पोहता न येणाऱ्यांची नावे यायची आहेत, आणि ती प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायची आहेत. कागद मेसच्या दारापाशी शनिवारपासून लावलेला असेल.