गाडीचा उत्पादनखर्च कोण काढणार?



गावोगावच्या बैठकांत हल्ली एक नवाच प्रश्न निघतो. पोरगा शेतीत रमत नाही, नोकरी मिळत नाही, तेव्हा त्याला एक छोटा हत्ती घेऊन द्यावा काय? गावचा माल पुण्याला पोचवील, चार पैसे मिळवील, मार्गी लागेल. दुसऱ्याच्या दारात चाकरी मागत उभे राहण्यापेक्षा एका गाडीचा का होईना, मालक झालेला केव्हाही बरा, असे आमचे मत आहे. आमचा विरोध आहे तो 'मार्गी लागेल' या शब्दांना. जो हिशेब न केल्याने शेतीत दोन पिढ्या बुडाल्या, तोच हिशेब न करता तिसरी पिढी आपण गाडीवर बसवायला निघालो आहोत.

१९८० च्या कांदा-ऊस आंदोलनापासून आपण घसा कोरडा करून काय सांगत आलो? घरच्या माणसाची मजुरी धरा, स्वतःच्या जमिनीचा खंड धरा, गुंतवलेल्या पैशाचे व्याज धरा आणि मग उत्पादनखर्च काढा. आयोगाच्या भाषेत यालाच सी-२ म्हणतात. आता हाच सी-२ गाडीला लावून पाहू.

समजा गाडी सहा लाखांची. एक लाख रोख भरले, पाच लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. हप्ता महिना सुमारे ११,००० रुपये. विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती मिळून महिन्याला ५,००० धरा. महिन्यात वीस खेपा झाल्या तर खेपेमागे ८०० रुपये झाले. नारायणगाव ते पुणे, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर आणि नव्वदचा भाव धरला तर डिझेल ९०० चे. टोल आणि किरकोळ खर्च २००. रात्री दोनला उठून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरची मजुरी ७००. एकूण २,६०० रुपये. गाडीत वीस किलोचे पस्तीस क्रेट टोमॅटो बसतात, म्हणजे क्रेटमागे ७४ रुपये.

आणि गाव काय म्हणते? "आपलाच पोरगा आहेस, पन्नास घे." पोरगा पन्नास घेतो. १,७५० रुपये हातात येतात, त्यातले ११०० डिझेल-टोलाला जातात, ६५० खिशात उरतात. संध्याकाळी तो आईला सांगतो, आज साडेसहाशे सुटले. काही सुटले नाहीत. हप्ता-दुरुस्तीचे ८०० वजा केले की दीडशे रुपये अंगावर आले, आणि रात्रभराची मजुरी पाण्यात गेली ती वेगळी. भरलेल्या लाखाचे व्याज तर आम्ही अजून धरलेलेच नाही.

हे 'आपलाच पोरगा' म्हणणारे कोण? अडत्या नव्हे, सरकार नव्हे, आपणच. टोमॅटोला खर्चावर आधारित भाव मागायला रस्त्यावर बसायचे आणि घरी परतताना शेजारच्या पोराच्या गाडीला खर्चाखालचे भाडे द्यायचे, हे दुटप्पीपणाचे आहे. शहरातला ग्राहक आपल्याला जे म्हणतो तेच आपण त्याला म्हणतो.

असा पिळला की तो पस्तीसऐवजी बावन्न क्रेट भरतो, कारण पन्नासच्या दराने २,६०० भरून येण्याचा तेवढाच एक मार्ग त्याला दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. एकदा पकडला की महिना गेला, आणि ब्रेक लागला नाही तर माणूस गेला.

खरा उपाय परतीच्या भाड्यात आहे. गाडी रिकामी येते म्हणून टोमॅटोला दोन्ही वाटांचे डिझेल सोसावे लागते. किराणा दुकानदाराचा माल, पेंड, औषधे असे सहाशे रुपयांचे भाडे परतीला मिळाले तर क्रेटचा दर ७४ वरून ५७ वर येतो. हे भाडे गावानेच जमवून द्यायचे आहे.

कागदपत्रांची भीती मात्र बाळगू नका. १९८८ च्या कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोच्या वर न जाणाऱ्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. उद्यम नोंदणी फुकट होते. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला नियमनाची आडकाठी राहिलेली नाही, त्यामुळे हॉटेलात, सोसायटीच्या दारात माल थेट पोचवता येतो.

भीती बाळगायची ती सातबाऱ्याची. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा वेगळा आणि मालक वेगळा असे कायदा मानत नाही. धंद्याचे देणे थकले तर ते मालकाच्या नावच्या घरावर, जमिनीवर येते. बाप जामीन राहिला तर बापाच्याही. कर्ज गाडीचे, गाडी तारण आहेच, वर जमिनीचा उतारा आणा म्हणतात. लहान उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला वेगळे तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावलेले आहे. २०१५ च्या मुद्रा योजनेतही तेच आहे. साहेबाने उतारा मागितला तर लेखी मागा म्हणावे. बहुधा तो लेखी देणार नाही.

दुसरा सापळा शहरातल्या मोबाइलवरच्या कंपन्यांचा. गाडी पोराची, डिझेल पोराचे, हप्ता पोराचा, आणि दर ठरवणार कंपनी. नाव मात्र 'पार्टनर'! आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवायचा ही रीत शेतकऱ्याला नवी नाही. खेपा कमी पडतील त्या दिवशी तिकडे भाडे जरूर घ्यावे, पण त्याच्या भरवशावर हप्ता अंगावर घेऊ नये.

आणि उधारी. हॉटेलवाला महिनाअखेरीस देतो म्हणतो, पंप मात्र रोख मागतो. पहिल्या दिवसापासून पावती-पुस्तक ठेवा: किती क्रेट, किती वजन, कोणी मोजून घेतले, वाटेत नासले तर कोणाचे. हे आधी ठरले नाही तर नासलेला माल नेहमी गाडीवाल्याच्या माथी बसतो.

येत्या जिल्हा बैठकीला ज्या पोरांनी गाड्या घेतल्या आहेत त्यांनी तीन महिन्यांची वही घेऊन यावे. बापांनीही यावे. क्रेटमागचा दर तिथे सगळ्यांसमोर काढू, आणि परतीचे भाडे कोणत्या गावातून कोण देऊ शकेल त्याची नावे तिथेच लिहून घेऊ.